वहीत ज्युलिया कशी आली

ज्युलिया ही प्रोग्रॅमिंगची भाषा संगणकावर बसवली आणि तिच्यात ‘आयज्युलिया’ नावाचं पॅकेज घेतलं, की ते पॅकेज बसता बसता डिस्कच्या एका कोपऱ्यात एक बारीकशी फाइल लिहून ठेवतं. लिनक्सवर ती आपल्या होम फोल्डरमधल्या लपवलेल्या फोल्डरांच्या पोटात असते, मॅकवर लायब्ररीत, विंडोजवर अ‍ॅपडेटामध्ये. नाव ‘कर्नल’, प्रकार जेसन. आतला मुख्य मजकूर तीनच गोष्टींचा : भाषा सुरू करायला कोणती आज्ञा द्यायची, पडद्यावर नाव काय दाखवायचं आणि भाषा कोणती. ज्युपिटर नोटबुक, म्हणजे ब्राउझरमधली आज्ञा-उत्तरांची वही, उघडल्यावर नव्या वहीसाठी जी यादी येते, तिच्यात पायथनच्या शेजारी ज्युलियाचं नाव दिसतं ते या फाइलच्या जोरावर. फाइल पुसली तर ज्युलिया जिथल्या तिथे राहते, फक्त वही तिला ओळखेनाशी होते.

एका भाषेला दुसऱ्यांनी लिहिलेल्या वहीत बसवायला एवढंसं चिठोरं पुरतं, याचं आज कुणाला नवलही वाटत नाही. पण ही चिठोऱ्याची सोय २०१५ सालची, आणि ज्या वहीसाठी ती केली त्या वहीचा आराखडा १९८८ सालचा. मधल्या सत्तावीस वर्षांत बरंच काही फसलं, बरंच खोडून पुन्हा लिहावं लागलं.

संगणकाला एक ओळ सांगायची, उत्तर घ्यायचं, मग पुढची ओळ, ही रीत त्याही आधीची. लिस्प भाषेची माणसं १९६० च्या दशकात असंच काम करत. १९६८ मध्ये एमआयटीत सुरू झालेली मॅकसिमा ही बीजगणित करणारी प्रणालीही याच रीतीची. अडचण एकच होती. झालेला संवाद वर सरकत जाई आणि नाहीसा होई. सूत्र एका ठिकाणी, आलेख दुसऱ्या ठिकाणी, आणि ‘हे का केलं’ याची टिपणं तिसरीकडे, कागदावर. २३ जून १९८८ रोजी स्टीफन वोल्फ्रॅम यांच्या कंपनीने मॅथेमॅटिका बाजारात आणली, तेव्हा हे तिन्ही एका पानावर नीट नांदू लागले. त्या वहीचा दर्शनी भाग थिओडोर ग्रे यांनी रचला होता. पानाचे कप्पे पाडलेले. एका कप्प्यात मजकूर, दुसऱ्यात आज्ञा, तिच्याखाली उत्तर. आज्ञेला ‘इन’ आणि उत्तराला ‘आउट’ असा क्रमांक. ज्युपिटरच्या मूळ वहीत हेच दोन शब्द तसेच्या तसे आले होते, आणि ते कुठून आले हे कुणी लपवलेलंही नाही.

पण मॅथेमॅटिकाचा खरा वारसा कप्प्यांपेक्षा खोल आहे. तिचे दोन तुकडे होते. गणित करणारा भाग तो कर्नल, आणि माणसाला दिसणारा तो दर्शनी भाग. दोन्ही स्वतंत्र प्रोग्रॅम. वही टेबलावरच्या मॅकिन्टॉशवर उघडायची आणि हिशेब दुसऱ्या खोलीतल्या दांडग्या यंत्रावर करून घ्यायचा, हे त्या काळातही जमत असे. आजची बहुतेक नोटबुकं या दुभागणीवर उभी आहेत. मॅथेमॅटिकात मात्र दोन्ही भाग एकाच मालकाचे, आणि सोय त्याच कंपनीच्या भाषेची. शिवाय पैसे मोजून घ्यायची वस्तू. एखाद्या विद्यापीठात तिचा परवाना असला तर ठीक, नाहीतर दुरून बघायचं.

फर्नांदो पेरेझ हे कोलंबियातल्या मेदेयीनचे. २००१ मध्ये ते अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या आवारात कणभौतिकीत पीएच.डी. करत होते. आकडेमोडीसाठी सी, जुळवाजुळवीसाठी पर्ल आणि ऑक, आलेखांना न्यूप्लॉट, सूत्रांना मॅथेमॅटिका, असा सगळा बाडबिस्तरा घेऊन फिरणं चाललेलं. पायथन आवडली, पण तिचा एकेक ओळ घेणारा शेल फार कोरडा. मग प्रबंध लिहायचा सोडून (या सोडण्याबद्दल विज्ञानाने त्यांचे आभारच मानले पाहिजेत) त्यांनी त्या शेलला पंख लावायला सुरुवात केली. पहिली आवृत्ती २५९ ओळींची. तिच्यात मॅथेमॅटिकासारखे क्रमांक होते आणि मागचं उत्तर पुन्हा हाताशी घ्यायची सोय होती. यान्को हाउसर आणि नेथन ग्रे यांनी अशीच दोन साधनं आधी लिहिली होती. तिघांचं एकत्र करून जे झालं ते आयपायथन.

ही अजून वही नव्हती. काळ्या खिडकीतला शेल होता. ब्रायन ग्रेंजर हे बोल्डरमधले पेरेझ यांचे सहाध्यायी, तेही भौतिकशास्त्राचेच. दोघांच्या डोक्यात वही होती आणि ती करायचे प्रयत्न एकामागून एक फसत होते. यात त्यांचा दोष थोडा, काळाचा जास्त. ब्राउझर तेव्हा पान मागवून दाखवायचं यंत्र होतं. सर्व्हरने आपणहून काही ढकलावं आणि पानावर ते लगेच उमटावं, हे खटपटी-लटपटी करूनच साधे. दुसरं म्हणजे आयपायथनचं पोट एकच होतं. हिशेब करणारा आणि दाखवणारा भाग एकाच प्रक्रियेत. हिशेब कोसळला की खिडकीही कोसळे. मध्यंतरी विल्यम स्टाइन यांच्या सेज प्रकल्पाने ब्राउझरमध्ये चालणारी गणिताची वही करून दाखवली. सेजचा शेल आयपायथनवरच चढवलेला होता, त्यामुळे ही वही पेरेझ आणि ग्रेंजर अगदी जवळून पाहत होते.

वाट फुटली २०१० मध्ये. झीरोएमक्यू नावाची एक हलकी निरोप-यंत्रणा हाती आली. दोन प्रोग्रॅम, मग ते एका संगणकावर असोत की दोन, तिच्यावरून एकमेकांना निरोप पाठवू शकत. पेरेझ आणि ग्रेंजर यांनी आयपायथन मधोमध चिरलं. एका बाजूला कर्नल, दुसऱ्या बाजूला कुठलाही दर्शनी भाग. मग दोघांनी कोणत्या शब्दांत बोलायचं, याचा मसुदा लिहून उघडा ठेवला. टेक्ससमधल्या एन्थॉट कंपनीच्या मदतीने आधी एक वेगळी खिडकी झाली. मग २०११ च्या उन्हाळ्यात ग्रेंजर यांनी ब्राउझरची वही लिहिली. तोवर वेबसॉकेट आले होते, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सतत उघडी राहणारी तार मिळाली होती. डिसेंबर २०११ मध्ये आयपायथनच्या ०.१२ आवृत्तीत ती वही लोकांच्या हाती पडली.

या मसुद्यापाशी जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यातून निघालं. वही उघडली की कर्नल सुरू करताना त्याला एक जोडणीची फाइल देतात. तिच्यात यंत्राचा पत्ता, पाच पोर्टांचे क्रमांक आणि एक गुप्त किल्ली असते. प्रत्येक निरोपावर या किल्लीने काढलेली सही असते, म्हणजे भलत्याच प्रोग्रॅमने मध्ये तोंड घातलं तर ओळखू यावं. पाच पोर्ट म्हणजे पाच वाटा. एका वाटेने ‘हा कोड चालव’ अशा विनंत्या जातात. दुसरीवरून उत्तरं, छापलेल्या ओळी, चित्रं आणि चुका प्रसारित होतात, आणि एकच कर्नल दोन खिडक्यांत उघडा असेल तर दोन्हीकडे पोचतात. तिसरीवरून कर्नल उलट माणसालाच विचारतो, ‘नाव टाका’. चौथी थांबवण्या-बंद करण्यासाठी. पाचवी धडधडीची. वही काही बाइट पाठवते, कर्नल तेच परत पाठवतो. रात्रपाळीच्या रखवालदाराने टोला द्यावा तसं. टोला आला नाही तर कर्नल गेला असं समजायचं. वीस मिनिटं चालणाऱ्या हिशेबात बुडालेल्या कर्नलने टोला द्यायचा कसा, म्हणून धडधड हिशेबापासून वेगळ्या धाग्यावर चालवतात.

या पाच वाटांवर पायथनला सक्ती अशी कुठेच नाही. झीरोएमक्यू आणि जेसन कळणारी कोणतीही भाषा दुसऱ्या टोकाला बसू शकते. निदान कागदावर तरी. ते खरं आहे का, हे दुसऱ्या कुणीतरी बसून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

ज्युलिया १४ फेब्रुवारी २०१२ रोजी जाहीर झाली, म्हणजे वहीनंतर दोनच महिन्यांनी. जेफ बेझन्सन, स्टीफन कार्पिन्स्की, विरल शहा आणि अ‍ॅलन एडलमन यांनी २००९ पासून तिच्यावर काम चालवलं होतं. त्यांची तक्रार वैज्ञानिकांच्या ओळखीची होती. विचार पायथन किंवा मॅटलॅबमध्ये करायचा, आणि तो सावकाश चालतो म्हणून पुन्हा सी किंवा फोरट्रानमध्ये उतरवायचा. ज्युलिया प्रत्येक फंक्शनला पहिल्यांदा हाक मारली की त्या क्षणी, आलेल्या माहितीचे प्रकार पाहून, यंत्रसंकेत तयार करते. पहिली हाक मंद आणि नंतरच्या वेगवान. वहीत सत्र तासन्‌तास जिवंत राहतं, म्हणून ही पहिल्या हाकेची किंमत एकदाच मोजावी लागते. तरी पहिला आलेख उमटायला लागणारा वेळ हा ज्युलियावाल्यांचा कैक वर्षांचा चेष्टेचा आणि चिडण्याचा विषय होता. २०२३ च्या १.९ आवृत्तीपासून पॅकेजांचा तयार यंत्रसंकेत साठवून ठेवता येऊ लागला, तेव्हा ती चेष्टा ओसरली.

एमआयटीचे स्टीव्हन जॉन्सन यांनी २०१३ मध्ये आयज्युलिया लिहिलं. हे तेच जॉन्सन, ज्यांनी मातेओ फ्रिगो यांच्याबरोबर फूरिये रूपांतराची एफएफटीडब्ल्यू ही जगभर वापरली जाणारी लायब्ररी लिहिली. ज्युलियातून पायथनला हाक मारणारं पॅकेजही त्यांचंच. आयपायथनच्या मंडळींशी बोलत बोलत हे काम झालं आणि कागदावरची भाषानिरपेक्षता किती पातळ होती ते उघडं पडलं. निरोपांच्या नावातच पायथन शिरलेली होती. उत्तर आलं की निरोपाचं नाव ‘पायआउट’, आत गेलेला कोड ‘पायइन’, चूक झाली तर ‘पायएर’. ज्युलियाचा कर्नल बिचारा ‘पायआउट’ म्हणतच उत्तरं पाठवत होता.

बसवायची युक्तीही आडवळणाची होती. तेव्हा कर्नलची छोटी फाइल नव्हती. आयपायथनमध्ये ‘प्रोफाइल’ नावाची सोय होती, एकाच माणसाच्या वेगवेगळ्या आवडीनिवडी साठवण्यासाठी. आयज्युलिया बसताना ‘ज्युलिया’ नावाचं एक प्रोफाइल तयार करी आणि त्याच्यात पायथनचा कर्नल सुरू करणारी आज्ञा काढून तिथे ज्युलियाची घुसवी. मग आयपायथनची वही त्या प्रोफाइलनिशी उघडायची. म्हणजे आयपायथनला वाटे की आपण पायथनच चालवतोय. एका वहीच्या सर्व्हरवर एकच भाषा. ज्युलिया झाली, आता शेजारी पायथनची वही हवी, तर दुसरा सर्व्हर. मला ही युक्ती फार आवडते. भाड्याच्या घरात दुसऱ्याच्या नावाची पाटी तशीच ठेवून संसार थाटल्यासारखी ती होती, पण चालली, आणि तिच्यामुळेच काय बदलायला हवं याची यादी तयार झाली.

उलट दिशेनेही बदल झाला, आणि तो सहसा सांगितला जात नाही. वहीत उत्तर म्हणून आकडाच येतो असं नाही, तक्ता येतो, चित्र येतं, सूत्र येतं. ज्युलियाला तेव्हा एखादी वस्तू मजकूर म्हणून छापणं तेवढं माहीत होतं. जॉन्सन यांनी मूळ भाषेतच अशी व्यवस्था आणली, की प्रत्येक प्रकाराने स्वतः सांगावं : मला एचटीएमएल म्हणून असं दाखवा, चित्र म्हणून असं, काहीच जमत नसेल तर साधा मजकूर असा. वही आपल्याला पेलेल ते रूप उचलते. आज ज्युलियात कुणी नवा प्रकार लिहिला तर तो वहीत नीट दिसावा म्हणून एकच छोटी व्याख्या पुरते. भाषेचं वय तेव्हा दीड वर्ष. वही नसती तर ही गोष्ट तिच्या पायात इतक्या लवकर पडली नसती.

आर भाषेचा कर्नलही पाठोपाठ आला. मग फक्त पायथनचं न उरलेल्या या घराचं नाव बदलणं भाग होतं. जुलै २०१४ मध्ये पेरेझ यांनी ऑस्टिनच्या सायपाय परिषदेत ज्युपिटर प्रकल्प जाहीर केला. नावात ज्युलिया, पायथन आणि आर, आणि त्याबरोबर गॅलिलिओच्या त्या टिपणांना वंदन, ज्यांत त्याने जानेवारी १६१० मध्ये गुरूजवळच्या, म्हणजे ज्युपिटरजवळच्या, चंद्रांच्या जागा रात्रीमागून रात्री नोंदवल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये आयपायथनची ३.० आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर सुरुवातीला सांगितलेली ती कर्नलची फाइल. ‘पायआउट’ जाऊन ‘एक्झिक्यूट रिझल्ट’ आलं. आधी वहीच्या फाइलमध्ये प्रत्येक कप्प्यावर भाषेचं नाव असे, ते आता वहीच्या माथ्यावर एकदाच येऊ लागलं. त्याच वर्षी आयपायथनच्या एका मोठ्या गठ्ठ्याची वेगवेगळी पॅकेजं झाली आणि पायथनचा कर्नलही इतरांसारखाच एक कर्नल उरला. तरी वहीच्या फाइलच्या नावाचं शेपूट आजही ‘आयपीवायएनबी’च आहे, म्हणजे आयपायथन नोटबुक. ते काढलं असतं तर लाखो वह्या अनाथ झाल्या असत्या.

आता बसवणं सोपं आहे. ज्युलियाच्या शेलमध्ये बंद चौकटी कंसाची कळ दाबली की पॅकेजांचा विभाग उघडतो, तिथे ‘अ‍ॅड’ म्हणून आयज्युलिया मागवायचं. संगणकावर ज्युपिटर आधीपासून असेल तर कर्नलची फाइल त्याच्या ठरल्या जागी पडते. नसेल तर वही उघडताना आयज्युलिया विचारतं, ‘कोंडामार्फत ज्युपिटर आणू का?’ होकार दिला की ज्युलियाच्या स्वतःच्या फोल्डरात एक खासगी पायथन आणि ज्युपिटर येऊन बसतो. आपल्याकडे आधीचा ज्युपिटर असूनही हे झालं, तर यंत्रावर दोन ज्युपिटर होतात आणि एकात बसवलेलं दुसऱ्यात सापडत नाही. नवशिक्यांचे निम्मे घोळ इथले.

उरलेले निम्मे घोळ त्या फाइलमधल्या आज्ञेत आहेत. तिच्यात ज्युलियाचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो, आवृत्तीसकट. नवी आवृत्ती बसवून जुनी काढून टाकली, की यादीत नाव दिसतं पण कर्नल उठत नाही, कारण चिठोऱ्यावरचा पत्ता जुन्या घराचा. आयज्युलियाला ‘पुन्हा बिल्ड हो’ म्हटलं की नव्या आवृत्तीच्या नावाने नवी फाइल तयार होते. त्याच आज्ञेत अशीही एक सूचना असते, की वहीच्या फोल्डरमध्ये किंवा त्याच्या वर कुठे प्रकल्पाची फाइल असेल तर तीच पॅकेजं वापरावीत. ही सूचना ठाऊक नसली तर दोन फोल्डरांतल्या दोन वह्या वेगळ्या का वागतात ते कळत नाही. आणि एकाच भाषेच्या दोन-तीन फाइली ठेवायलाही हरकत नाही, उदाहरणार्थ एक साधी, एक आठ धाग्यांवर चालणारी. यादीत दोन्ही नावं येतात.

जाता जाता मराठी वाचकाच्या कामाचं एक : ज्युलियात चलांची नावं देवनागरीत ठेवता येतात. ‘वेग = अंतर / वेळ’ ही ओळ काना-मात्रेसह बिनतक्रार चालते. वर्गात शिकवताना याचा उपयोग कुणी फारसा केलेला मी पाहिला नाही. केला पाहिजे.

या वहीचं वजन सर्वसामान्यांना कळलं ते फेब्रुवारी २०१६ मध्ये. गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा झाली आणि लायगो वेधशाळेने निबंधाबरोबर मोजमापांचे आकडे आणि एक ज्युपिटर वही खुली केली. कुणीही ती उघडून कप्पे एकेक करून चालवावेत, गोंगाट गाळावा, आणि दोन कृष्णविवरांच्या मिलनाची ती चढती शीळ आलेखात पाहावी, ऐकावीसुद्धा. असला संकेत गोंगाटातून आधी तयार केलेल्या साच्यांशी ताडून कसा ओळखायचा, यावर पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पायाभूत काम केलं होतं. २०१७ सालचा, एसीएम या संगणकक्षेत्रातल्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार ज्युपिटरला मिळाला. युनिक्स, टेक आणि वर्ल्ड वाइड वेब यांना जो मिळाला होता तोच.

पण वहीत एक खोट पहिल्यापासून आहे आणि ती मॅथेमॅटिकाकडूनच आलेली आहे. कप्पे कोणत्याही क्रमाने चालवता येतात. पाचवा आधी, दुसरा नंतर, तिसरा पुसून टाकलेला, तरी त्याने ठेवलेलं चल कर्नलच्या डोक्यात जिवंत. पान एक सांगतं आणि कर्नल दुसरंच धरून बसतो. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला ज्युपिटरवाल्यांच्याच परिषदेत जोएल ग्रस यांनी ‘मला नोटबुकं आवडत नाहीत’ असं सांगणारं भाषण केलं आणि लोक हसत हसत खजील झाले. दुसऱ्या वर्षी ब्राझील आणि न्यूयॉर्कच्या संशोधकांनी गिटहबवरच्या सुमारे १४ लाख वह्या गोळा केल्या. त्यातल्या चालवून पाहण्याजोग्या वह्यांपैकी सुमारे २४ टक्के शेवटपर्यंत बिनचूक चालल्या, आणि मूळचीच उत्तरं फक्त ४ टक्क्यांच्या आसपास वह्यांनी दिली. यात हरवलेल्या पॅकेजांचाही वाटा मोठा होता, सगळं खापर कप्प्यांच्या क्रमावर फोडता येणार नाही. तरी जिला प्रयोगाची वही म्हणायचं तिच्यासाठी हा आकडा लाजिरवाणाच.

यावरचा एक धीट उपाय ज्युलियाच्याच घरातून निघाला. २०२० मध्ये फॉन्स व्हान डर प्लास आणि मिकोवाय बोखेन्स्की यांनी प्लूटो नावाची वही काढली. तिच्यात एका चलाची व्याख्या एकाच कप्प्यात करता येते. एक कप्पा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आपोआप पुन्हा चालतात, आणि कप्पा पुसला की त्याचं चलही जातं. पाच वाटांचा मसुदा नाही, झीरोएमक्यू नाही, पायथनही नाही. वहीची फाइल म्हणजे सरळ ज्युलियाचा प्रोग्रॅम, शेवटी कप्प्यांचा क्रम टिपलेला, आणि २०२१ पासून लागणाऱ्या पॅकेजांची आवृत्त्यांसह यादीही त्याच फाइलमध्ये. त्या बदल्यात दुसरी भाषा तिच्यात येऊ शकत नाही. माझ्या मते शिकवायला प्लूटो उजवी आणि लांबलचक, जड हिशेबाला जुनीच बरी, कारण एका कप्प्याला हात लावला म्हणून खालचं तीन तासांचं गणित आपोआप पुन्हा सुरू झालेलं कुणालाच नको असतं. ज्युलियाच्या चौघा जनकांपैकी एक असलेल्या एडलमन यांनी २०२० च्या शरद सत्रात एमआयटीत संगणकीय विचारपद्धतीचा जो वर्ग डेव्हिड सँडर्स आणि ग्रँट सँडरसन यांच्याबरोबर घेतला, त्यातला गृहपाठ विद्यार्थ्यांनी प्लूटोत सोडवला.